दहा कट्ट्यांचे पाटे

मी मासोळीचं बीज विकते. चोरखमाऱ्याच्या तलावाखाली आमची धानाची जमीन आहे. त्यातल्या चार बांध्या, म्हणजे बांध घातलेले तुकडे, खोल करून मी त्यात रोहू, कटला आणि मृगळ वाढवते. जिऱ्याएवढं बीज आणायचं, बोटाच्या पेराएवढं झालं की पिशव्यांत भरायचं आणि ज्यांच्याकडे तलाव किंवा बोडी आहे त्यांना नेऊन द्यायचं. पिशवीत एक हिस्सा पाणी, दोन हिस्से ऑक्सिजन, तोंड रबराने आवळलेलं. तोंड आवळलं की घाई सुरू. वाढवणं सोपं आहे. पोचवण्यात माणूस म्हातारा होतो.

बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला पाळ घालून अडवलेलं लहान तळं. ती रस्त्यालगत कधीच नसते. असती तर तिथे एव्हाना ढाबा निघाला असता. बोडी चिखलाच्या पलीकडे असते, आणि बीज सोडायचे दिवस म्हणजे नेमके रोवण्याचे, धानाच्या लावणीचे दिवस, जेव्हा चिखलणीचे ट्रॅक्टर लोखंडी चाकांनी शेतांकडच्या सगळ्या पांदणवाटा फाडून ठेवतात. पहिली काही वर्षं मी ऑटोने जात असे. डांबर संपलं की ऑटोवाला उतरून हात जोडायचा. "दीदी, इसके आगे आपकी मच्छी तैर के जाएगी." मोटरसायकलवर दोन पिशव्या बसतात आणि त्यातली एक पडते.

म्हणून जीप घेतली. लहान, जुनी, पेट्रोलवरची, चारही चाकांना जोर असलेली. तिचा आधीचा मालक तिच्यातून पर्यटकांना जंगल दाखवत असे. माझा नवरा गोंदियाला राईस मिलमध्ये आहे, घरी रविवारीच येतो. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "चालवशील तूच ना?" म्हटलं, हो. विषय संपला.

त्याच वर्षी सडक अर्जुनीच्या पलीकडच्या एका गावातल्या अकरा बायांच्या गटाला गावची बोडी मिळाली. तोवर ती दरवर्षी पुरुषांकडे जायची. गावसभेत बराच आरडाओरडा झाला आणि शेवटी बायांना एका वर्षासाठी दिली. एकाच. "बीज सोडून दाखवा, मासोरी काढून दाखवा, मंग पुढचं बोलू," असं ठरलं. बोडी रिकामी राहिली तर पुन्हा मागायची सोय नव्हती. गटाची अध्यक्ष माझ्याच वयाची, ढिवराच्या घरची, डोक्यावर टोपली घेऊन बाजारोबाजार मासोळी विकत आलेली. ती माझ्या बांधीवर आली, हापशीवर पाय धुतले आणि म्हणाली, "ताई, तुमी बीज आणून द्या. आमच्या लोकायले आणाले सांगितलं तं ते मुद्दाम मारून आणतीन." मी हो म्हटलं. मक्ता त्यांचा होता, पण बोडीपर्यंत पोचवायची जबाबदारी माझी झाली.

आता गाडी. जीप जशी होती तशी डांबरावर ठीक होती, पण मागून बसलेली आणि टायर घासलेले. काहीतरी करणं भाग होतं. सगळं एकाच मोसमात करणं शक्य नव्हतं, म्हणजे निवड आली. निवड आली म्हणजे माझा देर आला. त्याचं सडक अर्जुनीला बियाण्याचं दुकान आहे, गिऱ्हाईक नसलं की तो मोबाईलवर डोंगर चढणाऱ्या गाड्या बघतो. आमच्या तालुक्यात चढायला डोंगर किती आहेत हे मी त्याला विचारत नाही.

"वहिनी, हे पाहा. टपावर लाईटची पट्टी. अर्धा किलोमीटर दिसते."

"मी सकाळी सहाला निघते, भाऊजी. उजेड असतो."

"अन् हे नळकांडं? इंजिन वरून हवा घेते. बोनेटवर पाणी आलं तरी गाडी चालते."

"बोनेटवर पाणी आलं तर मी घरी राहीन."

"विंच तरी लावा. फसली तं आपणच आपल्याले ओढून काढाचं."

"एवढं लोखंड नाकावर घेऊन फिरू? त्यानेच फसेल."

त्याने मोबाईल खिशात टाकला. "तुमाले काहीच नाही पाहिजे तं जीप घेतली कायले?"

मला दोन गोष्टी पाहिजे होत्या. रुंद, मोठ्या गोट्यांचे टायर आणि गाडीची उंची. या दोन मला शोभेच्या वाटत नव्हत्या. चिखलात रुंद पाय टाकला की माणूस कमी रुततो, तसंच चाकाचं असणार. आणि गाडी उंच असली की पोट घासणार नाही. बाकी सगळ्या थाटावर फुली मारल्यामुळे उरलेलं दोन्ही बरोबरच असणार, असं मला वाटत होतं. अशा खात्रीचं पुढे काय होतं ते मी बऱ्याच शहाण्या बायांच्या बाबतीत पाहिलं आहे, पण स्वतःची पाळी आली की दिसत नाही.

हायवेवरच्या मिस्त्रीने जीपखाली डोकं घालून मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, पाहिले आणि तिथूनच विचारलं, "कितना कट्टा डालोगे, दीदी?"

आमच्याकडे गाडी मोठी किती, हे कट्ट्यांतच, म्हणजे धानाच्या चाळीस किलोच्या पोत्यांतच, विचारतात. बैलगाडी असो, ट्रॅक्टर असो, मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांची गाडी असो, घरातला म्हातारा एकदा तरी बाहेर येऊन मागचा भाग बघतो आणि म्हणतो, धानाचे इतके कट्टे बसतीन. मीही जीपच्या पाठीमागे पाहिलं आणि सवयीने म्हणाले, "दस."

त्याने दहा कट्ट्यांचे पाटे बसवले. दोन्ही बाजूंना एकेक जाड पाटा वाढवला, गाडी चार बोटं वर आली. रुंद टायर चढवले, जुने त्याने ठेवून घेतले. देर बघायला आला होता. "आता दिसते ना जीप!" म्हणाला. खोटं कशाला सांगू, मलाही ती बरी दिसली.

जुलै संपता संपता पहिली फेरी निघाली. सोळा पिशव्या खोक्यांत घालून मागच्या पत्र्यावर ठेवल्या. वाट दाखवायला अध्यक्षबाई हायवेवर येऊन थांबली होती, ती शेजारी बसली. डांबरावरच पहिला खड्डा आला आणि तिने वरची दांडी धरली.

"बाप्पा! गाडी का उडून रायली वो?"

"नवीन पाटे आहेत."

"मले वाटलं आता दात बी नवीन बसवा लागतीन."

मी हसले. मागे काय होत होतं ते मला दिसत नव्हतं. डांबर संपल्यावर बोडीपर्यंत चार किलोमीटर, मध्ये एक नाला. पांदण कन्हार, म्हणजे काळ्या चिकट मातीची, वर ओला लोण्यासारखा थर, खाली कुठे मुरूम. रुंद टायर त्या थरावर तरंगले. गोट्यांत चिखल भरला, चाकं गुळगुळीत गोल झाली, मी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं तरी जीप आपल्या मर्जीने उजवीकडे गेली आणि नाल्याच्या अलीकडे कोणाच्या तरी बांधीत तिरपी बसली. चारही चाकं फिरत होती आणि चारही चाकं फुकट फिरत होती.

अध्यक्षबाई ओरडत गेली आणि हेल्यांची, म्हणजे रेड्यांची, जोडी घेऊन एका म्हाताऱ्याला बोलावून आणलं. ओढायला धड हूक नव्हता. दोर बंपरला बांधला, हेल्यांनी जोर लावला आणि बंपर त्यांच्यामागे निघून गेला. म्हातारा थांबला, बंपरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे सोबत नेता का ठेवता?"

दुसऱ्यांदा दोर खाली लोखंडी सांगाड्याला बांधला तेव्हा गाडी निघाली. म्हाताऱ्याने चाकावर काठी मारली. "बैलबंडीची चाकोरी केवढी, तुमचं चाक केवढं? चाक चाकोरीत बसतच नाही, मंग घसरन नाही तं का करन?"

यात तासाच्या वर गेला होता. रोवण्यातल्या बाया हातातली पेंढी टाकून आल्या होत्या. गाडी पुढे नेण्यात अर्थ नव्हता. त्यांनी पिशव्या डोक्यावर घेतल्या आणि धुऱ्याधुऱ्याने, शेतांच्या बांधांवरून, निघाल्या. तेव्हा मी पहिल्यांदा खोकी उघडली. चार फुटलेल्या. बाकीच्यांचं पाणी कोमट होतं, कारण मागच्या पत्र्याखालून सायलेन्सर जातो, आणि ही गोष्ट मला माहीत असायला पाहिजे होती.

बोडीवर पिशव्या सोडल्या तेव्हा पाण्यावर पांढरी पोटं पसरली. काही शेपट्या हलवत खाली गेली, थोडीच. पाळेवर चार-पाच माणसं बसली होती, ती याचसाठी आली होती.

"बायांनं तं मासोऱ्या उकडूनच आणल्या. तिखट-मीठ आणा रे!"

"घेऊन जा ना मंग," अध्यक्षबाई म्हणाली. "बायकोले सांग शिजवाले. तुले तं तेवढंबी येत नाही."

माणसं हसली, बाया हसल्या नाहीत. मग अध्यक्षबाई मला म्हणाली, "तुमी पाणी प्या." त्या सगळ्यांची त्या दिवसाची रोवण्याची मजुरी बुडाली होती, आणि मला पाणी.

माझ्याकडे बीजाची एकच बांधी उरली होती. पोळ्यानंतर सोडलेलं बीज थंडीआधी वाढत नाही, म्हणजे हातात दोन-अडीच आठवडे. मी सांगितलं, पोळ्याच्या आत पुन्हा आणते. त्यांना विश्वास बसला का, माहीत नाही. मला बसला नव्हता.

घरी आल्यावर मी दोन दिवस गाडीकडे पाहिलं नाही. कंटाळा येतो. वय पन्नाशीला टेकलं, सकाळी बांध्यांवर, दुपारी गिऱ्हाईक, आणि मध्ये गाडीच्या खाली काय आहे ते शिकायचं. तिसऱ्या दिवशी मी सोळा पिशव्यांत नुसतं पाणी भरलं, मागे ठेवल्या आणि देराला सांगितलं, "तुम्ही चालवा. मी मागे बसते."

"मागे? सीट नाही तिथं."

"म्हणूनच."

आमच्याच पांदणीवर त्याने जीप नेली आणि मी पिशव्यांमध्ये पत्र्यावर मांडी घालून बसले. शंभर पावलांत कळलं. गाडी खड्ड्यात जात नव्हती, खड्डा गाडीतून वर येत होता. प्रत्येक धक्क्याला पिशव्या उडून पत्र्यावर आपटत होत्या आणि त्यांच्याबरोबर मी. देर पुढून विचारत होता, "वहिनी, ठीक आहे ना?" मी उत्तर दिलं नाही, कारण जीभ दातांखाली आली असती. त्या दिवशी धरलेली कंबर अजून थंडीत आठवण देते.

उतरल्यावर एक पिशवी धान मोजायच्या काट्यावर ठेवली. नऊ किलोला थोडी कमी. सोळा पिशव्या म्हणजे साडेतीन कट्टे. मी मिस्त्रीला दहा सांगितले होते. दहा कट्टे धान घातलं असतं तर तेच पाटे लोण्यासारखे वागले असते. आयुष्यभर धानाचा हिशेब केला आणि मासोळीही त्यातच मोजली. मिस्त्रीचं काही चुकलं नव्हतं.

मी त्याच्याकडे गेले. "वाढवलेला पाटा काढा."

"दीदी, अभी तो लगाया है."

"दस नहीं, साढ़े तीन कट्टा."

तो जीपखालून बाहेर आला. "तो पहले बोलना था ना."

"हाँ."

एवढंच. तो चांगला माणूस आहे. पाटा काढताना त्याने आपणहून मागचे शॉकअप बदलायला सांगितले. ते मात्र मी ऐकलं. पुढे-मागे सांगाड्यालाच एकेक जाड हूक वेल्डिंग करून घेतला. बंपर पुन्हा लावला नाही. जीप आता ओठ नसलेल्या माणसासारखी दिसते, पण ओढता येते.

टायरसाठी गोंदियाला गेले. मला अरुंद हवे होते, दूधवाल्यांच्या गाड्यांना असतात तसे, पण खोल नक्षीचे. दुकानदाराने दोनदा विचारलं. "मॅडम, ये तो बूढ़ों वाला टायर है. चौड़ा लो, लुक आएगा." म्हटलं, अरुंदच द्या, वयाला शोभतो. रुंद टायर देराने आनंदाने घेतले. ते कशाला लावणार हे त्याने अजून सांगितलेलं नाही.

बाकी लहानसहान. गाडीच्या बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेतला, म्हणजे चिखलाआधी चाकांची हवा काढायची आणि डांबर लागलं की भरायची. हवा कमी असली की चाक दबतं, पकडतं आणि धक्काही अर्धा गिळतं. मागच्या पत्र्यावर वीतभर तणस, मळलेल्या धानाचा पेंढा, पसरली, तिच्यावर ओला बारदाना. तणस घरचीच होती. देर म्हणाला, "याले का अपग्रेड म्हणते का कोणी?" मी म्हटलं, मासोळी म्हणते.

पोळ्याच्या चार दिवस आधी दुसरी फेरी निघाली. आदल्या दिवशी बीज जाळीत उपाशी ठेवलं होतं, पोट रिकामं असलं की पाणी कमी घाण होतं. हायवेवर अध्यक्षबाई चढली, तिने आधी मागे वाकून तणशीवर हात दाबून पाहिला आणि मग बसली.

पांदणीच्या तोंडाशी मी उतरून चारही चाकांची हवा काढली. ती खाली उतरली आणि हातात काठी घेऊन पुढे चालू लागली. जिथे काठी लवकर थांबायची तिथे हात वर करायची, जिथे आत जायची तिथे बाजूला व्हायला सांगायची. मी पहिल्या गिअरमध्ये मागे. चाकं बैलबंडीच्या चाकोरीत बसली आणि वरचा थर कापून खाली मुरमाला लागली. ते हाताला कळतं, स्टिअरिंग जड होतं. एकदा मागचं चाक सुटलं, पुन्हा धरलं. नाल्यात पाणी गुडघ्याला होतं. ती मध्यभागी उभी राहून म्हणाली, "या! पण थांबू नोका!" थांबले नाही.

चार किलोमीटरला पाऊण तास. माणूस पायी याहून लवकर जातो. पण पिशव्या उडाल्या नाहीत.

पाळेवर बाकीच्या दहाजणी उभ्या होत्या. खाली तीच माणसं बसली होती, दोन कमी. एक पिशवी तरीही ओली लागली, कुठेतरी टोचलं असणार. ती आधी सोडली. बाकीच्या न उघडता पाण्यावर तरंगत ठेवल्या, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार होईपर्यंत. बायांना धीर नव्हता. एकीने रबराला हात घातला, तिला मी ओरडले. मग एकेक तोंड उघडून पिशवी आडवी केली. काही मेलेली होती, मी लपवलं नाही, हाताने गोळा करून पाळेवर टाकली. बाकीची क्षणभर तिथेच थांबली, मग काळी रेघ झाली आणि खाली गेली.

"जगतीन का?" अध्यक्षबाईने विचारलं.

"मला काय माहीत. पंधरा दिवस पाण्याला हात लावू नका. मग कोंडा टाकून पाहा. असतील तर वर येतील."

खाली बसलेला एकजण म्हणाला, "अन् नसतीन तं?"

"तं तुले कोंडा खाऊ घालू," मागून कोणीतरी बाई म्हणाली.

पंधरा दिवस मी त्या गावाचं नाव काढलं नाही. काम होतंच. सोळाव्या दिवशी त्यांनी बोलावलं. पांदण आता वाळायला लागली होती, तरी हवा काढली. बोडीवर अकरा जणी होत्या, त्यांची मुलंबाळं होती आणि पुरुषही होते, पहिल्यापेक्षा जास्त. अध्यक्षबाईने पहिली मूठ कोंडा टाकला. तो पाण्यावर पसरला आणि तसाच राहिला. मी मनात पुढच्या गावसभेत काय होईल ते बघत होते.

मग पाळेच्या जवळ एक बुडबुडा आला, कोंड्याला भोक पडलं. दुसरं. मग पाणी उकळायला लागल्यासारखं ठिकठिकाणी फुटायला लागलं, बोटाएवढी पिल्लं वर येऊन कोंडा ओढत होती. एक म्हातारी म्हणाली, "आहेत वो! आहेत!" आणि टोपली हिसकायला लागली. मग दुसरीला टाकायचा होता, तिसरीला. पुरुषांतला एकजण पाण्याजवळ येऊन उकिडवा बसला आणि पाहत राहिला. गावसभेला आता काय सांगायचं ते त्याला स्वतःच ठरवावं लागणार होतं.

मी पाळेवर बसले होते. बाया ओंजळीने कोंडा ओतत होत्या.

"बास करा," मी म्हटलं. "एवढा टाकला तर पाणी सडेल आणि सगळी मरतील."

"आज तं टाकू द्या ना वो ताई!"

मी उठले, त्यांच्या हातातून टोपली घेतली आणि जीपमध्ये नेऊन ठेवली.